टेबलाखालचा कुत्रा

आज दुपारी कॅफेमध्ये शेजारच्या टेबलाखाली एक कुत्रा तासभर बसून होता. त्याच्या मालकीणबाई गप्पांत रमल्या होत्या आणि तो मात्र कान मागे पाडून पुन्हा पुन्हा ओठ चाटत होता, जांभया देत होता. त्याला झोप आली असावी, असे कोणालाही वाटले असते. परंतु माझ्याही घरी कुत्रा असल्यामुळे ही अस्वस्थतेची खूण असू शकते, हे मला ठाऊक आहे. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. खुर्च्या सरकण्याचा, कपबश्यांचा आणि कॉफीच्या यंत्राचा तो गोंगाट त्याला कसा वाटत असेल, या विचाराने माझे लक्ष कशातच लागेना.

पाळीव कुत्र्यांना उपाहारगृहात सर्रास प्रवेश असावा, असे मी आजवर हिरिरीने मांडत आले आहे. आता मला वाटते, की त्यांच्यासाठी बाहेरची मोकळी जागा असावी, कारण कुत्र्याच्या लाळेतील आणि कोंड्यातील प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांनाही निर्धास्तपणे बसता आले पाहिजे. (अंधांना वाट दाखवणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांची गोष्ट निराळी, त्यांना अडवूच नये.) शिवाय खाली सांडलेले चॉकलेट, बेदाणे किंवा कांदा कुत्र्याला विषासमान ठरू शकतो.

अखेर न राहवून मी त्या बाईंशी बोलले. त्यांनी लगेच वाकून पाहिले, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि बिल मागवले. दाराबाहेर पडताच त्याने सबंध अंग झटकले.