सिमेंट उतरवलं आणि घर दिसलं

इंग्लंडच्या सफोकमधलं हे शेतघर घेतलं तेव्हा बाहेरून नुसती करडी, सपाट भिंत दिसायची. आत मात्र ओकचे खांब आणि तुळया, आणि पोटमाळ्यावर काजळीने काळे झालेले वासे. म्हणजे घर धुराड्याच्याही आधीचं. तेव्हा मधल्या दालनात जमिनीवरच चूल पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. विटांचं धुराडं नंतर बांधलेलं.

पहिल्याच हिवाळ्यात उत्तरेच्या भिंतीला ओल आली. आतली फळी काढून जोत्यावरची आडवी तुळई दाबली, तर बोट आत रुतलं. मला रडूच आलं. कारण होतं विसाव्या शतकात कुणीतरी बाहेरून चढवलेला सिमेंटचा गिलावा. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं. सिमेंट हलत नाही. मग बारीक भेगा पडतात, पावसाचं पाणी आत शिरतं आणि वाळायला वाट मिळत नाही.

घर ग्रेड २ म्हणून, म्हणजे जतन करायच्या ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीत, नोंदलेलं. सिमेंट काढणं, लाकूड बदलणं असं काम परवानगीशिवाय करणं इथे फौजदारी गुन्हा आहे. अर्जाला फी नसते, निर्णय साधारण ८ आठवड्यांत अपेक्षित असतो. आमचा पहिला अर्ज परत आला, कारण त्यात 'खराब लाकूड बदलणे' एवढंच लिहिलं होतं. कुठलं लाकूड, किती लांबीचं, कुठल्या सांध्याने जोडणार, हे हवं होतं. मग प्रत्येक खांबाचा फोटो, प्रत्येक तुकड्याचं रेखाटन. तेव्हा वैताग आला, पण आज वाटतं, त्या रेखाटनांमुळेच सुताराने कुजलेलं तेवढंच कापलं.

सिमेंट निघालं त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. खांबांच्या मधल्या जागेत हेझलच्या काटक्यांची वीण, त्यावर माती, पेंढा आणि शेण यांचा लेप. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, हा तर कूड! लांज्याच्या आपल्या जुन्या घराला कारवीचा होता, तसाच." मग बराच वेळ आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

खांबांवर पटाशीने कोरलेल्या रेघा होत्या: एक, दोन, तीन, चार. चौथ्या खांबाला चार उभ्या रेघा. सुतार आधी सगळा सांगाडा जमिनीवर आडवा जुळवायचे, खुणा करायचे, सुटा करायचे आणि मग जागेवर उभारायचे. लाकूड ओलंच वापरत. खुंटीची भोकं मुद्दाम किंचित सरकवलेली, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो. आमच्या सुतारानेही नवा ओकचा तुकडा तसाच बसवला. ताज्या ओकचा आंबूस वास आठवडाभर घरात होता.

गिलावा चुन्याचा, बकरीचे केस घातलेला, ३ थरांत. दोन थरांच्या मध्ये पुरेसं थांबावं लागतं आणि थंडी फार उतरली तर काम बंद. ऑक्टोबरात शेवटचा थर गोणपाटाने झाकून मी रोज सकाळी ते ओलं करत होते. वसंतात चुन्याचा गुलाबी हात दिला. ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो, भिंतीचा प्रत्येक उंचवटा त्यातून दिसतो. दुपारी ऊन आलं आणि कोपऱ्यापासून हळूहळू रंग उमटत गेला.