भांडं वाजलं नाही, मग भूकंप कसला?

कुणालाही न जाणवणारा, सावकाश होणारा भूकंप खरंच असतो का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न विचारणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या आत्याचा. "भांडं वाजलं नाही, कोणी जागं झालं नाही, मग तो भूकंप कसला गं?" ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने तिला पाटणच्या घरातून अंगणात पळवलं होतं. सावकाश होणारा भूकंप तिला थट्टाच वाटणार.

पण जमीन सरकते हे खरं. न्यूझीलंडच्या गिसबॉर्नसमोर पॅसिफिक प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, बेटाखाली घुसते. २०१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथला दोन प्लेटांमधला सांधा दोनेक आठवडे घेऊन १५-२० सेंटीमीटर सरकला. हेच एका झटक्यात झालं असतं तर ६.८ चा भूकंप. किनाऱ्यावरच्या जीपीएसला याचा सुगावा लागतो, पण सांध्याचा उथळ भाग दूर समुद्रात, आणि जीपीएस पाण्याखाली चालत नाही. म्हणून त्या वर्षी मे महिन्यात तळावर २४ दाबमापक सोडले होते, वर्षभरासाठी.

दाबमापक डोक्यावरचं पाणी तोलतो. तळ एक सेंटीमीटर वर आला की पाणी तेवढंच कमी. ऐकायला सोपं, पण भरती-ओहोटीच मीटरभराची, वर प्रवाह आणि भोवरे, आणि यंत्राचा काटा स्वतःच हळूहळू सरकत असतो. मी पहिल्यांदा हा डेटा घेतला तेव्हा भरती वजा करताना न्यूझीलंडची वेळ धरली. नोंदी होत्या यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. फरक नेमका बारा तासांचा, आणि भरतीही साधारण तेवढ्यानेच परत येते! त्यामुळे आकडे बरेचसे जुळले, उरलेलं मी प्रवाहाच्या नावावर खपवलं. दोन दिवस गेले.

खरी युक्ती शेजाऱ्याची. अजून खाली न गेलेल्या पॅसिफिक प्लेटवरही एक यंत्र असतं. प्रवाह दोघांवरून सारखाच जातो, म्हणून एकातून दुसरं वजा करायचं. उरते ती तळाची उचल: दीड ते साडेपाच सेंटीमीटर.

एवढ्यासाठी खटाटोप का? मार्च १९४७ मध्ये याच सांध्याचा उथळ भाग नेहमीच्या भूकंपापेक्षा सावकाश सरकून भूकंप झाला. किनाऱ्यावर हादरा इतका सौम्य की लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. अर्ध्या तासाने दहा मीटरपर्यंतची लाट आली आणि पोआवा नदीवरचा पूल उचलून आत घेऊन गेली.

आत्याला हे सांगितलं. म्हणाली, "म्हणजे भांडं नाही वाजलं तरी पळायचं?"