सासऱ्यांची तीन नावं: जावातल्या गावची जमीन नोंदवताना

‘बेसोक, मास.’ म्हणजे ‘उद्या या, भाऊ.’ बेसोकचा अर्थ शब्दकोशात ‘उद्या’ असाच दिलाय. बायकोच्या गावच्या पंचायतीत त्याचा अर्थ ‘आज नाही’ एवढाच होतो, हे कळायला मला सात चकरा लागल्या. गाव मध्य जावात, बान्युमास भागात. नाव सांगत नाही, कारण तिथे आमचं काम अजून पडणार आहे.

मी मूळचा वाईकडचा. कापड गिरणीतल्या नोकरीमुळे पश्चिम जावात आलो आणि इथलाच झालो. सासऱ्यांची जमीन 60 उबिन. एक उबिन साधारण 14 चौरस मीटर, म्हणजे सगळी मिळून आपल्या हिशोबाने सव्वाआठ गुंठे. पुढे कौलारू घर, मागे नारळ. गावातला एक जण रोज दोनदा त्या नारळांवर चढून बांबूच्या नळकांड्यांत रस गोळा करतो आणि त्याचा गूळ करतात. त्या रसाला तिकडेही नीराच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं होतं.

जमीन माझ्या नावावर होण्याचा प्रश्नच नव्हता. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यात कलम 21 आहे, पूर्ण मालकी फक्त नागरिकाला. गावातल्या लोकांना माझी दया यायची. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आपल्याकडे तरी शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन कोण घेऊ देतो?

जमीन नोंदवून घ्यायची घाई केली ती 2021 च्या सरकारी नियमामुळे. तोवर गावोगाव लोक गिरिक, पेतोक, लेटर सी असल्या कागदांवर निर्धास्त होते. हे मूळचे साराआकारणीचे कागद, मालकीचे नव्हेतच. पण आजोबांपासून चालत आलेला कागद म्हणजे मालकी, असंच सगळे धरून चालायचे. नव्या नियमाने पाच वर्षांची मुदत दिली, 2 फेब्रुवारी 2026 पर्यंत. त्यानंतर हे कागद मालकीचा पुरावा म्हणून धरायचे नाहीत, असं ठरवलं. लेटर सी हे पंचायतीतलं जाडजूड वही-खातं असतं. खातेदाराचा क्रमांक, तुकड्याचा क्रमांक, जिरायत असेल तर ‘डी’, भातखाचर असेल तर ‘एस’, आणि शेवटच्या रकान्यात कुणाकडून कुणाकडे गेली ते. सातबारा आणि फेरफार एकाच पानावर, समजा. ते सांभाळणारे चारिक म्हणजे तिथले तलाठी भाऊसाहेब.

आता अडलं कुठे ते सांगतो. वहीत सासऱ्यांचं नाव वेगळं, ओळखपत्रावर वेगळं.

त्या भागात पुरुषाचं लग्न झालं की त्याला ‘जनंग तुवा’, म्हणजे मोठेपणाचं नाव देतात. लहानपणीचं नाव मागे पडतं. वहीतली नोंद साठच्या दशकातली, लग्नाआधीची, म्हणून लहानपणीच्या नावाने. त्यात ती 1972 च्या आधीच्या स्पेलिंगमध्ये, ‘च’ लिहायला टी आणि जे. (शेजारचं चिलाचाप शहरही जुन्या नकाशात असंच दिसतं.) वर तिसरी गंमत. बान्युमासची बोली नावाच्या शेवटी ‘आ’ म्हणते, सोलो आणि योग्याकर्ता या शहरांकडचे ‘ओ’ म्हणतात. ओळखपत्र टाइप करणाऱ्याने मोठ्या नावातला ‘आ’ सुधारून ‘ओ’ करून टाकला. माणूस एक, नावं तीन.

2019 मध्ये गावात सामूहिक नोंदणीची सरकारी योजना आली होती. जावात तयारीचा खर्च दीड लाख रुपिया ठरलेला, म्हणजे आपले हजारभर रुपयेही नाहीत. आळीतल्या सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, आमचा तुकडा नावामुळे बाजूला ठेवला. सासरे तेव्हा धडधाकट होते. जाऊन जबाब द्या म्हटलं तर म्हणाले, ‘सगळ्यांना माहितीये मीच तो.’ पुढच्या वर्षी ते गेले, आणि जे सगळ्यांना माहीत होतं ते कागदावर आणायला आम्हाला पावणेदोन वर्षं लागली.

चारिक माणूस वाईट नाही. चहा देतात, मेंदोआन (अर्धवट तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी; गरम असेल तरच खावं) मागवतात. पण सही मागितली की, ‘दोन वेगळी माणसं निघाली तर मी अडकेन.’ मग काय आणू? ‘बघून सांगतो.’ कधी? ‘बेसोक.’ दर खेपेला गिरणीतून रजा, रात्रभर प्रवास. चौथ्या खेपेला वहीच जागेवर नव्हती, आधीच्या चारिकांच्या घरी होती. सासूबाई म्हणाल्या, ‘इंग्गिह इंग्गिह, ओरा कपंग्गिह.’ हो हो म्हणेल, हाती लागायचा नाही. तुम्ही गेलात तर वही दिसल्या दिवशीच त्या पानाचा फोटो काढा, दोन्ही क्रमांक स्पष्ट येतील असा. मी काढला नव्हता.

सातव्या खेपेला मात्र मी चिडलो नाही, मला आईची आठवण झाली. तिच्या माहेरच्या सातबाऱ्यावर वारस नोंद करताना हेच झालं होतं. लग्नात तिचं नाव बदललेलं, मामांनी ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं. बायकोला म्हटलं, आमच्याकडे नवरीचं बदलतात, तुमच्याकडे नवरदेवाचं; तोडगा तोच असणार. मीच मसुदा लिहिला, तिने इंडोनेशियन केलं. तिन्ही नावं, तुकड्याचा क्रमांक, दोन साक्षीदार, 10,000 रुपियांची मतेराई, म्हणजे सरकारी मुद्रांक तिकीट. सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर यायला हवी, नाहीतर परत पाठवतात.

साक्षीदार ऐंशीच्या पुढचे हवे होते. एक तर पूर्वी आमच्याच नारळांवर चढणारे आजोबा. तळहात अजून करवतीसारखे. चारिकांनी विचारलं, ‘हे नाव त्यांचंच, कशावरून?’ आजोबा म्हणाले, ‘नाव ठेवलं त्या रात्री मी त्याच्याकडे जेवलो. लाल-पांढरी खीर होती. लाल जास्त घेतली मी.’ चारिक पेन हातात धरून बसले. ‘हे लिहू कसं?’ शेवटी ‘साक्षीदारास व्यक्तिशः माहीत’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. त्या दिवशी मेंदोआनचे पैसे मी दिले.

पुढचं सरळ झालं: मोजणी, खुंट, जाहीर नोटीस. शेजाऱ्यांच्या सह्या मात्र मोजणीच्या दिवशीच घ्या. वारसांच्या सह्यांसाठी ईदची सुट्टी उत्तम, कारण मेहुणे-मेहुण्या तेव्हाच गावी येतात. फक्त कार्यालयं बंद असतात, म्हणून फॉर्म आणि मतेराई आधी आणून ठेवा. आणि वारसाहक्कावरच्या कराच्या बोलण्याने घाबरू नका. 30 कोटी रुपियांपर्यंत तो लागतच नाही. एवढी शून्यं पाहून मी उगाच एक रात्र जागलो.

प्रमाणपत्र सासूबाईंच्या आणि मुलांच्या नावे आलं. आता ते एकच पान असतं, क्यूआर कोडवालं. सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिलं, ‘हिरवं पुस्तक कुठाय?’ आळीत सगळ्यांकडे पुस्तक आहे ना. मग त्यांनी ते प्लास्टिकमध्ये घालून खोंग ग्वानच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या पापड्यांखाली ठेवलं. घरपट्टीची चिठ्ठी मात्र अजून ‘ओ’वाल्या नावानेच येते. त्याचा अर्ज गेल्या महिन्यात चारिकांकडे दिलाय.