रोहिणी सरायच्या आत माडीवर काय काय चढवायचं

काल दुपारी माडीवरची पत्र्याची ट्रंक उघडून बसले होते. दरवर्षी मे महिना संपत आला की हे काम मी करते, म्हणजे रोहिणी सरायच्या आत, कारण एकदा मृग लागला आणि पाऊस सुरू झाला की मग शाळेची पुस्तकं, रेनकोट, गळणारी कौलं यातच दिवस जातात आणि ट्रंक तशीच राहते. यंदा उघडली तर बॅटरीतले सेल गळून आतली स्प्रिंग हिरवी पडलेली. चूक माझीच, मागच्या वर्षी सेल काढून ठेवायचे राहिले. म्हटलं आता हे सगळं एकदा लिहूनच काढावं, सांगलीत नवीन राहायला आलेल्या दोघी-तिघींनी विचारलंही होतं की तुम्ही पुराची तयारी म्हणजे नक्की काय करता.

आमचं घर गावभागात, खाली तीन खोल्या आणि वर माडी. 2005 ला आमच्या घरात दोन फूट पाणी आलं होतं. तेव्हा माझं लग्न नुकतंच झालेलं. पाणी गेल्यावर भिंतीवर जी गाळाची रेघ राहिली ना, ती आत्यांनी (माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याच म्हणतो) मुद्दाम पुसू दिली नव्हती, रंग देताना तेवढी पट्टी सोडली होती. त्यानंतर घरातलं सगळं त्या रेघेच्या हिशोबानं लागलं. धान्याची कोठी विटांवर, फ्रीज स्टँडवर, कागदपत्रं कपाटात वरच्या कप्प्यात. आणि सगळ्या गल्लीत हेच होतं, कुणालाही विचारा, बोट दाखवून सांगणार की इथपर्यंत आलेलं, ह्याच्या वर कधी येत नाही.

2019 ला आलं. नागपंचमी 5 ऑगस्टला होती, मी पुरणाची दिंडं उकडत होते आणि हे दर दोन तासांनी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी सांगत होते. सांगलीत पावसाळ्यात सगळे फुटांतच बोलतात, आयर्विनला 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2005 ला 53 च्या वर गेलेलं हे पोराटोरांनाही पाठ. आम्ही 53 च्या हिशोबानं सामान उचललं. गव्हाचं पोतं दिवाणावर, दिवाणाखाली चार-चार विटा, मिक्सर आणि डबे ओट्यावर, सिलिंडर ओट्याखाली तसाच. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात सहा फुटाला थोडं कमी.

रात्री जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मी खाली टॉर्च मारला होता ते अजून डोळ्यासमोर येतं. स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा तरंगत आला होता, आत पाणी जाऊन तांदूळ एवढा फुगलेला की झाकण अर्धं वर आलेलं, आणि त्याच्या मागं सिलिंडर आडवा होऊन दारावर टक टक टक आपटत होता. गॅसचा वास येतोय का नाही तेही कळेना. आत्या वरून विचारत होत्या काडेपेटी कुठंय, मेणबत्ती लावते, आणि मी ओरडले आत्या काडी ओढू नका. त्या दिवसापासून आमच्या पुराच्या सामानात मेणबत्ती नाही. टॉर्च तीन, त्यातला एक डोक्याला बांधायचा, हात मोकळे राहतात.

म्हणून तयारीच्या बाबतीत माझं पहिलं सांगणं हेच की मागच्या रेघेवर जाऊ नका. सांगलीजवळच्या हरिपूरला बघा ना, तिथल्या जमिनीतल्या पेवांमध्ये पिढ्यानपिढ्या हळद ठेवायचे, वर्षानुवर्षं काही होत नसे, 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळद नासली. नदी मागच्या वेळचं मोजून येत नाही. कोयना 105 टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफूट) धरण, त्यातून किती सुटतंय, वारणेला किती आहे (ती हरिपूरलाच येऊन मिळते), इथं पाऊस किती, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणातून किती सोडतायत, दरवर्षी हिशोब वेगळा. आता आम्ही मागच्या सगळ्यात वरच्या रेघेच्या अजून दोन फूट वर धरतो, म्हणजे आमच्या घरात खाली काहीच सुरक्षित नाही असं धरूनच चालतो. सगळं माडीवर. ज्यांना माडी नाही त्यांनी विश्रामबागेकडं किंवा मिरजेत कुणाच्या घरी जायचं हे आत्ता ठरवावं आणि त्यांना तसं सांगूनही ठेवावं, ऐनवेळी फोन लागत नाही.

आता सामान. सगळ्यात आधी पाणी, आणि ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण चोहीकडं पाणी आणि प्यायला घोट नाही हे आम्ही तीन रात्री भोगलंय. पुरात पाणी उपसणारे पंपच बुडतात त्यामुळं नळ बंद. वर फक्त दोन हंडे आणि एक कळशी होती, माणसं पाच. मुलं लहान. दुसऱ्या दिवशी दुपारपासून आत्या पाणी पिईनातच, मला तहान नाही म्हणायच्या, आणि मला माहीत होतं की नातवंडांना पुरावं म्हणून म्हणतायत. शेवटी ह्यांनी पत्र्याच्या पन्हाळीखाली पातेलं लावलं, पहिलं पंधरा-वीस मिनिटांचं पाणी सोडून दिलं आणि मग माझ्या धुतलेल्या सुती ओढणीची चौघडी करून गाळून घेतलं. वरती स्टोव्ह नव्हता, उकळता आलं नाही. तसंच प्यालो.

आता हिशोब असा. माणशी रोज तीन लिटर नुसतं प्यायला, पाच माणसं, आठ दिवस, झाले 120 लिटर. म्हणजे वीस लिटरचे सहा कॅन. पावसाळ्याच्या सुरुवातीला घासून धुवून भरायचे, तारीख लिहायची, महिन्याभरानं झाडांना घालून परत भरायचे. शिवाय तुरटीचा खडा आणि क्लोरीनच्या गोळ्या. गढूळ पाण्यात नुसती क्लोरीनची गोळी टाकून भागत नाही, आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी कापडातून गाळायचं आणि मग पाकिटावर किती लिटरला एक लिहिलंय ते बघून गोळी, आणि अर्धा तास थांबायचं. गॅस असेल तर खळखळून एक मिनिट उकळलेलं पाणी चांगलं. आता वर एक बर्नरची शेगडी आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर असतो. मोठा सिलिंडर पाणी वाढतंय म्हटल्यावर रेग्युलेटर काढून, टोपी लावून उभाच वर न्यायचा, आडवा ठेवायचा नाही.

वापरायचं पाणी वेगळं. त्यासाठी वरचा प्लास्टिकचा बॅरल भरून ठेवतो.

खायला फार विचार नको, जे न शिजवता खाता येतं आणि घरात एरवीही खपतं तेच. आमच्याकडं भडंग, भाजके शेंगदाणे, गूळ, फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, दूध पावडर आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. मंगळवेढ्याची नणंद जूनमध्ये कडक भाकरी पाठवते, ती नीट कोरडी ठेवली तर महिनाभर काही होत नाही, चटणी आणि कांद्याबरोबर पोटभरीचं होतं. सगळं स्टीलच्या डब्यात, उंदीरही वरच येतात हे लक्षात ठेवा. मॅगीचे पुडे एकदा आणले होते पण त्याला पाणी लागतं, तेव्हा ते बाद.

औषधांचं मात्र मनावर घ्या. आत्यांची बीपीची गोळी 2019 ला खालच्या देवघराच्या कोनाड्यात होती, रोज पूजा झाली की घ्यायची म्हणून. ती पट्टी कुणाच्याच लक्षात आली नाही. तीन दिवस गोळी नाही, चौथ्या दिवशी बोटीतून उतरल्यावर छावणीतल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि आधी त्यांनाच गाडीत घातलं. आता जून ते सप्टेंबर एक महिन्याच्या जादा गोळ्या ट्रंकेतच असतात, आणि चिठ्ठीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. समोरचे काका इन्सुलिन घेतात, त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की लाईट गेली तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या मडक्यात सावलीला ठेवायची. तुमच्या घरात कुणी घेत असेल तर हे आत्ताच विचारून ठेवा. बाकी ओआरएसची पाकिटं, तापाच्या गोळ्या, चिकटपट्ट्या, जखमेवरचं मलम, खरजेचं मलम, सॅनिटरी पॅड (हे पुरुष मंडळी यादी करताना हमखास विसरतात, आणि छावणीत मागायला बायकांना संकोच वाटतो). ओआरएस संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, जास्त मीठ नको.

मोरी आणि संडास. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पुराचं पाणी दारातून नंतर येतं, आधी मोरीच्या जाळीतून आणि संडासातून उलटं येतं, सगळी घाण घेऊन. म्हणून चार-पाच रिकामी सिमेंटची पोती आणि थोडी वाळू परसात असते, भरून संडासाच्या भांड्यावर आणि मोरीवर दाबून ठेवायची. पाणी थांबत नाही त्यानं, पण घाणीचा लोंढा थांबतो.

लाईट. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की मेन स्विच बंद, वीज कंपनी बंद करेल म्हणून वाट बघायची नाही. इन्व्हर्टर आता कायमचाच माडीवर बसवलाय. पॉवर बँक दोन, आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ, कारण तिसऱ्या दिवशी टॉवर गेले तेव्हा समोरच्या काकांच्या रेडिओवर आकाशवाणी सांगली लागायची आणि सगळी गल्ली आपापल्या गच्चीत उभं राहून ऐकायची. रोख पैसे सुट्ट्या नोटांत, एटीएम बंदच असतात. वहीच्या पानावर फोन नंबर लिहून ठेवलेत, 112, रुग्णवाहिकेचा 108, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077, आणि नातेवाईकांचे.

कागदपत्रं एका झिपच्या पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, बँकेचं पासबुक. शेती असणाऱ्यांनी सातबारा. आणि दरवर्षी ह्या दिवसांत घरातल्या प्रत्येक खोलीचा, फ्रीजचा, मशिनचा फोटो काढून ठेवते, पंचनाम्याला आलेल्या माणसाला काय होतं नि काय गेलं हे दाखवता येतं. 2019 ला आमच्याकडं दाखवायला फक्त चिखल होता.

बोटीसाठी दोन लाईफ जॅकेट घेतलीत, मुलांच्या मापाची आधी आणि आता मोठी. काही जणांना हा वायफळ खर्च वाटतो. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका, मुलं, म्हातारी माणसं बुडून गेली. त्या दिवशी आम्ही माडीवर होतो, रेडिओवरच ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत बोट आली तेव्हा आत्या पाय टाकायला तयार होईनात. गावाकडं तर कितीतरी जणांनी गुळाच्या काहिलीत (गूळ करायच्या मोठ्या कढईत) बसून माणसं काढली. माझं म्हणणं एवढंच की बोटीत गर्दी असेल तर थांबा, पुढच्या फेरीला जा, आणि त्यासाठीच वर आठ दिवसांचं सामान पाहिजे, म्हणजे घाईनं चढावं लागत नाही.

ज्यांच्याकडं जनावरं आहेत त्यांनी ती पहिल्याच दिवशी हलवावीत. दावं कापायला विळा हाताशी ठेवावा, हे माझ्या माहेरी डिग्रजला शिकलेत.

आणि ओसरल्यानंतरचं सामान वेगळं बांधायचं. ते लोक विसरतात. पाणी उतरलं की घरात पायाच्या घोट्यापर्यंत चिकट गाळ असतो, वाळला की फरशीसारखा होतो, त्यामुळं पाणी उतरता उतरताच त्याच पाण्यानं ढकलायचा. त्याला फावडं, घमेली, खराटा, गमबूट आणि रबरी हातमोजे लागतात. गमबूट का, तर उंदरांच्या मुतानं पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) आजार होतो, पायाला बारीक जखम असली तरी पुरते. डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्या लागतात. साप पण असतात, कपाटामागं, चपलांच्या ढिगात, हात घालायच्या आधी काठीनं हलवा. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, माणसाला हलू न देता सरकारी दवाखाना. ब्लिचिंग पावडर हवाबंद डब्यात ठेवा, उघडी राहिली की तिचा दम जातो, आणि ती संडास धुवायच्या ॲसिडबरोबर कधी मिसळू नका, विषारी वायू होतो. वायरिंग वायरमनला दाखवल्याशिवाय मेन चालू करायचं नाही.

2021 ला परत आलं. 22 जुलैला महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला आणि आयर्विनला पाणी 55 फुटांच्या आसपास गेलं. ह्या वेळी तीन तासांत खालचं घर रिकामं झालं. आत्यांनी वरून यादी वाचायची आणि मुलांनी जिन्यात साखळी करायची. वर बसून आम्ही गरम चहा प्यालो, दूध पावडरचा, आणि शेजारच्या काकूंना दोरीनं दोन कॅन पाणी पाठवलं. त्यांच्याकडं संपलं होतं. यंदा त्यांनी स्वतःहून चार कॅन आणलेत, परवा दाखवायला घेऊन आल्या होत्या.

भिंतीवर आता तीन रेघा आहेत. 2019 ची माझ्या डोक्याच्या वर आहे, पोरगा मात्र यंदा तिच्याएवढा झालाय.

आज एवढं झालं. सेल आणायचेत, क्लोरीनच्या गोळ्यांची तारीख संपलीय त्या नव्या घ्यायच्यात, आणि उद्या सकाळी मेडिकलमधून आत्यांच्या गोळ्या, ह्या महिन्याच्या आणि पुढच्याही.