उचल नेमकी कुठे मांडायची?

ग्राफ डेटाबेसमध्ये माहिती नोड (ठिपके) आणि त्यांना जोडणाऱ्या एज (रेषा) अशी मांडतात. त्यात एखादी गोष्ट एज करायची की नोड, हा प्रश्न मी एरवी फळ्यासमोर उभा राहून सोडवतो. त्या दिवशी तो धारूर तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या ओट्यावर सुटला.

एका संस्थेसाठी आम्ही ऊसतोड मजुरांच्या देण्याघेण्याची माहिती निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये मांडत होतो. सहकाऱ्याचा आराखडा सुटसुटीत होता. मजूर एक नोड, मुकादम (टोळीला कामावर नेणारा) दुसरा, मधे 'उचल' नावाची एज; उचल म्हणजे मुकादमाकडून कामापोटी घेतलेली आगाऊ रक्कम. रक्कम आणि हंगाम त्या एजवरच प्रॉपर्टी, म्हणजे तिच्यावर लिहिलेली माहिती, म्हणून. मजुरापासून मुकादमापर्यंत एका टप्प्यात पोचता येतं, आणि बऱ्याच प्रश्नांना तेवढं पुरतंही.

एका जोडप्याची नोंद भरताना नवऱ्याचं नाव टाकलं, मुकादमाचं टाकलं, एज जोडली. बाजूला बसलेली बाई स्क्रीनकडे बघून म्हणाली, "दादा, कोयता दोघांचा हाय. उचल बी दोघांवरच हाय. मग मी कुठं हाय ह्यात?"

तिचं बरोबर होतं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. उचल त्या जोडीच्या कामावर दिलेली असते. एजला मात्र दोनच टोकं असतात. दोघांना वेगवेगळी एज दिली तर रक्कम दोनदा लिहावी लागते, आणि बेरीज केली की देणं दुप्पट दिसतं. मजुराच्या देण्याचा आकडा फुगवणारा डेटाबेस मला कुणाच्या हातात द्यायचा नव्हता.

शिवाय उचल एकटी नसते. कामावर गैरहजर राहिलं की खाडा लागतो आणि तो तिच्यात चढतो. हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या उचलीत जाते. म्हणजे खाड्याला उचलीकडे बोट दाखवता यायला हवं, नव्या उचलीला जुन्या उचलीकडे. निओफोरजेत एजवर प्रॉपर्टी ठेवता येते, पण एका एजला दुसरी एज जोडता येत नाही. तेव्हा ओट्यावरच ठरलं: उचल हा नोड. त्याला नवरा जोडलेला, बायको जोडलेली, मुकादम, हंगाम, खाडे आणि मागची बाकीही.

याची किंमत आहेच. मजुरापासून मुकादमापर्यंत आता दोन टप्पे, नोड वाढले, क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) लांबल्या. 'या टोळीत कोण आहे' एवढंच विचारायचं असतं तर मी साधी एजच ठेवली असती. टोळीतली मेंबरकी अजूनही आम्ही तशीच ठेवली आहे.

दुसरा वाद एजच्या प्रकारांचा. सहकाऱ्याला सगळ्यासाठी एकच 'संबंध' एज हवी होती, प्रकार आत प्रॉपर्टीत. नवे प्रकार निघाले तरी आराखडा बदलत नाही, हा त्यातला फायदा खरा. पण मुकादम हा शेकडो एज लटकलेला नोड असतो. अशा दाट नोडच्या एज निओफोरजे प्रकार आणि दिशेप्रमाणे गट करून ठेवतं, त्यामुळे फक्त उचली हव्या असतील तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. प्रकार प्रॉपर्टीत दडवला की प्रत्येक एज उघडून बघावी लागते. म्हणून ठळक नात्यांना वेगळे प्रकार दिले. हंगाम मात्र प्रकारात घातला नाही. दरवर्षी नवा प्रकार निघाला असता, आणि पाच हंगामांची बाकी काढायला क्वेरीत पाच नावं लिहावी लागली असती. प्रकार एकदा दिला की बदलता येत नाही, एज काढून नव्याने करावी लागते, हेही डोक्यात होतं.

'घेतली' आणि 'दिली' अशा उलटसुलट दोन एज ठेवल्या नाहीत. दिशा एकच साठवली तरी वाचताना कुठल्याही बाजूने जाता येतं.

त्याच बैठकीत त्या बाईची नोंद पुन्हा भरली. मग तिच्या नावावरून क्वेरी चालवून रक्कम, खाडे आणि मागची बाकी तिला वाचून दाखवली. तिने खाड्यांचे दिवस बोटांवर मोजले आणि त्यातला एक तिला मान्य नव्हता. तो वादात असल्याची नोंद आम्ही त्या खाड्यावरच केली. खाडा वेगळा नोड असल्यामुळे तशी जागा होती.