तुम्ही विचारलंत म्हणून: देखणी गिटार घ्यावी का?

बेळगावच्या टिळकवाडीत माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास काढतात. मुलगा बाहेर चपला घालत असतो, तेवढ्यात वडील आवाज खाली आणून म्हणतात, "मॅडम, ह्याला ती काळी टोकदार इलेक्ट्रिकच पाहिजे म्हणे. नुसता दिसण्यावर गेलाय. वाजण्यात काही फरक असतो काय हो?" ज्यांना पैशाची ददात नाही ते उलट्या बाजूनं येतात: "एकदम भारीतलीच घेऊन टाकू काय? परत परत खर्च नको." प्रश्न एकच आहे. गिटारचं रूप आणि किंमत यांचा वाजवणाऱ्याशी खरंच काही संबंध असतो का?

माझं उत्तर दोघांनाही फारसं रुचत नाही. रूपाचा संबंध असतो, चांगलाच असतो. किमतीचाही असतो, पण लोकांना वाटतं त्याच्या बऱ्याच अलीकडे तो संपतो.

आधी आवाजाचं उरकू, म्हणजे रूपाकडे मोकळ्या मनानं जाता येईल. माझे वडील उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, मोटर रिवाइंडिंग करायचे. फाउंड्र्यांच्या जळक्या मोटरी त्यांच्याकडे यायच्या आणि तांब्याच्या इनॅमल तारेची रिळं आमच्या घरापर्यंत पोचायची. कॉलेजात असताना मी इलेक्ट्रिक गिटारचा एक बंद पडलेला पिकअप उघडून त्यांच्यासमोर ठेवला. भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "हा तर जनरेटरच की गं." बरोबर होतं ते. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे; फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारच्या एका पिकअपवर साधारण साडेसात-आठ हजार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते आणि केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. पोलादाऐवजी नायलॉनची तार लावलीत तर पिकअप मुका. त्या कॉइलला गिटारचा रंग कळत नाही, आकार कळत नाही आणि वर छापलेलं नाव तर मुळीच कळत नाही.

"मग लाकूड?" हा यूट्यूब बघून आलेल्या मुलाचा पुढचा प्रश्न. तार ज्या दोन टोकांवर ताणलेली असते ती टोकं लाकडावरच बसवलेली असतात, त्यामुळे लाकूड थोडा कंप खातं हे खरं. पण टोनचं बटण जरासं फिरवलं की त्याहून मोठा फरक पडतो. अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारमध्ये लाकडाचं काम कितीतरी जास्त, तिथंसुद्धा इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी परीक्षा घेतली आणि 2018 साली ती छापली. एकाच घडणीच्या सहा गिटारी, फक्त पाठीचं आणि कडेचं लाकूड वेगळं, काही स्वस्त तर काही दुर्मीळ. 52 वादकांना अंधुक खोलीत वेल्डिंगचे गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या. सगळ्या गिटारींना गुण जवळपास सारखेच पडले. त्याआधी 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला व्हायोलिनवाल्यांची अशीच परीक्षा झाली होती. 21 पैकी बहुतेकांनी घरी न्यायला नवं व्हायोलिन पसंत केलं, आणि सगळ्यात नावडतं ठरलेलं व्हायोलिन होतं एक स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे जुन्या व्हायोलिनमधलं सगळ्यात नावाजलेलं नाव. तिथंही डोळ्यांवर वेल्डिंगचेच गॉगल. उद्यमबागेत वाढलेल्या मला त्या गॉगलचं विशेष कौतुक आहे.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. ब्राझीलच्या शिसवीची आवक 1960 च्या दशकात आटत गेली आणि 1992 पासून तर तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदीच आहे. त्यामुळे जगभरच्या चांगल्या चांगल्या गिटारींच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे बोटं जिथं तारा दाबतात त्या पट्टीवर, गेली कित्येक वर्षं भारतीय शिसवी लागते. आपल्या पश्चिम घाटातली, दांडेली-खानापूरच्या रानात उभी असते तीच जात. "इंपोर्टेड" म्हणून आपण ज्या गिटारीसाठी दुप्पट मोजतो, तिच्या अंगावर आपल्याच घाटातल्या झाडाची फळी असू शकते.

आता रूप. "आम्ही रूपबीप बघत नाही, फक्त आवाज बघतो," असं सांगणारे वादक मला अधूनमधून भेटतात. मी मान डोलावते आणि त्यांच्या गिटारकडे बघते. ती कधीच कुरूप नसते.

मला ही लाजच कळत नाही. मिरज आमच्यापासून रेल्वेनं काही तासांवर. तिथल्या तंबोऱ्यांच्या भोपळ्यावर पानाफुलांची नक्षी असते, आणि नक्षीनं आवाज गोड होतो का असं कुणी कारागिराला विचारत नाही. आवाज जवारीत, तारांखालच्या घोडीच्या घडणीत आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, आणि नक्षी हवीच हेही ठाऊक असतं. आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बेंजोवाले वाद्याला चमचमणारे दिवे लावून, रंग काढून उभे राहतात. त्यांना कुणी वरवरचे म्हणत नाही. कारण ते इतके जोरात वाजवतात की म्हणायला उसंतच मिळत नाही.

इलेक्ट्रिक गिटार तर पहिल्यापासून मिरवणारी. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवतही नसे. त्याच्या कंपनीनं वेगळ्या रंगासाठी पाच टक्के जास्त घ्यायला सुरुवात केली, आणि ते रंग होते चक्क मोटारींचे. फिएस्टा रेड म्हणजे फोर्ड थंडरबर्डचा तांबडा, लेक प्लॅसिड ब्लू म्हणजे कॅडिलॅकचा निळा. आज ज्या "ओरिजिनल" जुन्या रंगासाठी संग्राहक लाखो रुपये मोजतात, तो त्या काळी गॅरेजमध्ये मिळणारा डबा होता. म्हणूनच एखाद्या मुलाला गिटार रंगवून हवी असली की मी त्याला बिनदिक्कत कारचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडे पाठवते. आतली सर्किट काढून ठेवायची आणि नेकच्या, म्हणजे दांड्याच्या खाचेत रंग जाऊ द्यायचा नाही, एवढंच बजावते.

अमेरिकन रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनची गोष्ट तर प्रत्येक बॅचला सांगते. त्यानं सुमारे 50 डॉलरला एक डागी बॉडी घेतली, 80 डॉलरला नेक घेतला, घरीच जोडला. चिकटपट्ट्या लावून, रंग मारून, पट्ट्या ओढून काढून काळे-पांढरे आणि मग तांबडे पट्टे उठवले. त्या घरी जोडलेल्या गिटारीवर त्यानं जे केलं त्यानं अमेरिकेतल्या गिटारवाल्यांची झोप उडवली. पुढे 2007 मध्ये फेंडरनं तिची हुबेहूब नक्कल काढली, ओरखडे आणि सिगारेटच्या डागांसकट. 300 नग, प्रत्येकी 25,000 डॉलर. यात किमतीवर हसायचं तेवढं हसा. पण त्या माणसानं पट्टे मारण्यात वेळ घातला होता हे विसरू नका. आवाजासाठी त्या पट्ट्यांचा काडीचा उपयोग नव्हता, तरी त्याला ते हवे होते.

शिकणाऱ्याला तर रूप जास्तच लागतं. पहिले काही आठवडे बोटांची टोकं सोलून निघतात, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, एकही नीट वाजत नाही आणि कौतुक करायला घरात कुणी नसतं. अशा वेळी संध्याकाळी ती हातात घ्यायला लावतं ते एकच, तिच्याकडे बघून वाटणारी हौस. सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून आईनं मागवलेली, मुलाला न आवडणारी गिटार कव्हरमध्ये घालून कपाटावर जाते. ती तिथून खाली काढायला लावणारं शिक्षण माझ्याकडे नाही. म्हणून मी सांगते, रंग मुलाला निवडू द्या, आणि गिटार कव्हरमध्ये न ठेवता स्टँडवर, येताजाता दिसेल अशी ठेवा.

आकाराबद्दल मात्र मी थोडी आडवी येते, कारण तिथं रूप अंगाला लागतं. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरची ती गोलाई, पोटाकडचा आणि कोपराखालचा उतार, ही शोभा वाटते. मुळात फेंडरच्याच आधीच्या टेलिकास्टर गिटारच्या कडा बरगड्यांना टोचतात अशी वादकांची तक्रार होती म्हणून ती आली. उलट 1958 ची ती बाणासारखी फ्लाइंग व्ही उभ्यानं झकास दिसते, बसून वाजवायला घेतली की मांडीवरून घसरते. आणि शिकणारा दहातल्या नऊ वेळा बसलेलाच असतो. गिब्सन कंपनीच्या लेस पॉलसारखी गिटार चार किलोच्या वर जाते. रात्रभर चालणाऱ्या गॅदरिंगमध्ये ती बारीक अंगाच्या पोराच्या खांद्यावर काय करते ते मी बघितलंय.

किंमत. आमच्याकडे इलेक्ट्रिक गिटार पंधरा-वीस हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत कुठंही असू शकते. आवाजाच्या बाबतीत त्यातल्या मोठ्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, याचा एक दाखला देते. गिब्सननं 1958 ते 1960 या काळात काढलेल्या चेरी छटेच्या लेस पॉलना तेव्हा फारसं गिऱ्हाईक नव्हतं. 1961 मध्ये कंपनीनं ते रूपच बदलून टाकलं. त्याच गिटारी आज लाखो डॉलरला जातात. लाकूड तेच, वेढे तेच. मधल्या काळात त्या कोणाकोणाच्या हातात दिसल्या, एवढंच बदललं. पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिल्मरनं 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर 2019 च्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरला गेली, तेव्हा घेणाऱ्यानं कॉइलचे वेढे मोजले नसणार.

तरीही अगदी तळाच्या गिटारीत पैसे घालू नका म्हणते, कारण तिथं जे वाचवतात ते नेमकं बोटांखालचं असतं. फ्रेटची, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं धारदार राहतात, सगळे फ्रेट एका पातळीत नसतात, तारा ज्या खाचांतून जातात तो नट मऊ प्लॅस्टिकचा आणि उंच कापलेला असतो, खुंट्या ट्यूनिंग धरत नाहीत. पहिल्या फ्रेटवर बारीक पोराला तार दाबताच येत नाही आणि घरचे म्हणतात ह्याला जमत नाही. यातलं बरंचसं पुढच्या पायरीच्या गिटारीत आपोआप सुटतं. त्याच्यावरच्या प्रत्येक पायरीला तुम्ही जास्त पैसे देता आणि सुटणारी अडचण लहान लहान होत जाते.

आणि जे दुकानात सुटत नाही ते टेबलावर सुटतं. वडिलांचा फीलर गेज, बारीक फटी मोजायच्या पात्यांचा संच, अजून माझ्याकडे आहे, त्यानंच मी नेकचा बाक मोजते. नेकमधला रॉड थोडा फिरवायचा, बाराव्या फ्रेटवर बारीक तार दीड-पावणेदोन मिलिमीटर आणि जाड तार दोनच्या आसपास आणायची, नटच्या खाचा कानशीनं उतरवायच्या, प्रत्येक तारेची लांबी ब्रिजवर, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला, जुळवायची. सतरा हजारांची गिटार यानंतर हातात अशी येते की मालकाला आपली ओळखू येत नाही. दोन लाखांची गिटार याशिवाय आली तर तीही त्रासच देते, आणि आमच्या हवेत ती तशी येणारच. इथं जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही, घाटाकडच्या कणकुंबी-जांबोटीकडे तर कपडे आठवडाभर वाळत नाहीत. लाकूड ओल पितं, नेक हलतो, तारा गंजतात. मार्च-एप्रिलला उलट. फ्रेटबोर्ड सुकून आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला लागतात. हे भारीतल्या गिटारीलाही चुकत नाही. वर्षातून दोनदा सेटिंग, असं मी सांगते.

सगळ्यात वाईट वाटतं ते महाग गिटार आमच्या ऑर्केस्ट्रात ऐकताना. साउंडवाला केबल सरळ मिक्सरला खुपसतो. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही, आणि आपल्या कानातला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज त्या काटछाटीतूनच घडलेला आहे. स्टेजचे स्पीकर मात्र सगळंच बाहेर काढतात. मग अडीच लाखांची गिटार डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणारा इफेक्ट, लावलं की डासासारखी गुणगुणते. त्याच गिटारवाल्याकडे स्पीकरची नक्कल करणारा आठ-दहा हजारांचा प्रोसेसर असता तर मांडवातल्या शेवटच्या खुर्चीलाही फरक कळला असता. म्हणून बजेट ठरवताना सगळे पैसे गिटारीत ओतू नका, एक तृतीयांश तरी पुढच्या डब्यासाठी, म्हणजे अ‍ॅम्प किंवा प्रोसेसरसाठी ठेवा.

दुकानात जाल तेव्हा, बेळगावात असो की हुबळीला, गिटार आवडल्यावर अ‍ॅम्प बंद ठेवायला सांगा. सहाही तारांवर पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत एकेक सूर वाजवून बघा, कुठं खरखरतंय का. मग तार जोरात ओढून सोडा आणि ट्यूनिंग परत तपासा. मुलाला वाजवता येत नसेल तर वाजवणाऱ्या कुणाला तरी बरोबर न्या. याला अर्धा तास लागतो आणि दुकानदार वैतागतो. वैतागू दे.