लाजाळू आणि पोटॅश : तिसऱ्या आठवड्याची नोंद

मंडळी, पोटॅशच्या पाण्यानं लाजाळूच्या हालचालीवर काय परिणाम होतो ते मी बघतेय. आधीच्या दोन आठवड्यांचे आकडे मी बाद केलेत. पान मिटायला किती वेळ लागतो तेच मोजत बसले होते, आणि स्टॉपवॉच दाबेपर्यंत पान मिटलेलं असायचं. आता पुन्हा उघडायला लागणारा वेळ मोजते.

देठाच्या मुळाशी फुगीर गाठ असते, पल्विनस. हात लागला की तिच्या खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बाहेर सुटतात, त्यांच्यामागून पाणी जातं आणि देठ लवतो. हे सुटणं म्हणजे उतारावरचं पाणी. उघडताना मात्र पेशीला ऊर्जा खर्चून पोटॅशियम परत आत घ्यावं लागतं. रसायनानं काही बिघडत असेल तर ते या सावकाश कामात दिसावं, असं मला वाटतं.

पोटॅश घरातच होतं. उसाला घालतात ते पांढरं, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. दादा म्हणाले, "आगं, उसाचं खत लाजाळूला कशापायी?" गुजरीतून आणलेल्या छोट्या काट्यावर १ ग्रॅम तोललं, १०० मिली पावसाच्या पाण्यात विरघळवलं. फांद्या पाण्याखालीच कापल्या, नाहीतर देठात हवा शिरते. कापल्यावर सगळी पानं मिटतात, म्हणून दीड तास हात लावला नाही.

साध्या पाण्यातली फांदी १४, १६ आणि १५ मिनिटांत उघडली. पोटॅशमधलीला आधी २६, मग ३१ मिनिटं लागली. तिसऱ्यांदा ती उघडलीच नाही, पण तोवर गच्चीवर अंधारून आलं होतं. संध्याकाळी लाजाळू तशीही मिटते, म्हणून ती नोंद मी धरत नाही.

ईथर, म्हणजे पूर्वी भूल द्यायला वापरायचे ते द्रव, वापरायचा मोह कुणाला झाला तर कृपया आवरा. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १९व्या शतकात ईथरच्या वाफेनं लाजाळूची हालचाल थांबते हे दाखवलं होतं, पण ती वाफ घरात क्षणात पेट घेते.

माझ्या प्रयोगात एक मोठी फट आहे. उशीर पोटॅशियममुळे झाला, की पाणी नुसतं खारट झाल्यामुळे? त्यासाठी तिसरी बरणी मिठाची हवी. तेवढेच कण यायला १ ग्रॅम पोटॅशच्या जागी सुमारे ०.७८ ग्रॅम मीठ लागतं. रविवारी सकाळी नऊला तिन्ही फांद्या एकाच वेळी कापणार आहे.